जॉन पॉल जोन्स अरीना, शार्लट्सव्हिल: बेनेटनंतर

व्हर्जिनिया विद्यापीठाच्या या बास्केटबॉल स्टेडियमला माझे ५ पैकी ४ स्टार. २००६ साली उघडलेलं, साडेचौदा हजार आसनांचं. विद्यार्थी कोर्टाला खेटून बसतात, त्यामुळे आवाज कानठळ्या बसवणारा.

एक स्टार कापला, कारण प्रशिक्षक टोनी बेनेट आता इथे नाही. २०१८ च्या राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेत त्याच्या संघानं अग्रमानांकित असून १६व्या मानांकित यूएमबीसी या मेरीलँडमधल्या विद्यापीठाकडून पहिल्याच फेरीत ७४-५४ असा मार खाल्ला आणि पुढच्याच वर्षी पठ्ठ्यानं विजेतेपद आणलं! ऑक्टोबर २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, ५५व्या वर्षी निवृत्त झाला. खेळाडू आता जाहिरातींचे पैसे घेतात (घ्यावेतच, इतकी वर्षं फुकट राबले), हवं तेव्हा कॉलेज बदलतात. एकेका पोराला वर्षानुवर्षं बचाव घोटून शिकवणाऱ्यानं काय करायचं? त्याचे सामने संथ, कमी गुणांचे. सोबतचे जांभया द्यायचे, मला तेच आवडायचं.

आताचा प्रशिक्षक रायन ओडम. २०१८ मध्ये यूएमबीसीला जिंकवणारा हाच! मुलांना घेऊन जरूर जा. फक्त आवडत्या खेळाडूच्या नावाची जर्सी घेऊ नका. पुढच्या हंगामात तो कुठे असेल, काही सांगता येत नाही.