कूलंट टेंपरेचर सेन्सरचा बिघाड: स्कॅनर, मल्टिमीटर की थेट नवा सेन्सर?

गाडी थंडीत लवकर सुरू होत नाही, गरम झाल्यावरही काळा धूर सोडते, इंधन जास्त खाते किंवा रेडिएटरचा पंखा कारण नसताना फिरत राहतो, तेव्हा संशय बहुधा कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमान सेन्सरवर येतो. अशा वेळी तीन मार्ग असतात: गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावून आकडे पाहणे, मल्टिमीटरने विद्युत रोध व व्होल्टेज मोजणे किंवा सरळ नवा सेन्सर बसवणे. माझ्या मते सुरुवात स्कॅनरनेच करावी आणि मोजल्याशिवाय नवा सेन्सर घेऊ नये.

स्कॅनरची खरी किंमत बिघाडाचे कोड वाचण्यात नाही, चालू आकडे दिसण्यात आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन चालू करावे आणि कूलंटचे व आत येणाऱ्या हवेचे तापमान शेजारी शेजारी पाहावे. दोन्हींत चार-पाच अंशांचा फरक असला तर चिंता नाही; पण हवा २२ अंश आणि कूलंट ६० अंश दिसत असेल, तर कुठेतरी चूक नक्की आहे. त्यानंतर इंजिन सुरू करून आकडा सलग चढतो का ते पाहावे. तो मध्येच उडी मारत असेल तर कनेक्टर सैल असण्याची शक्यता मोठी. तो सलग चढूनही बराच खाली थांबत असेल आणि वेगात गाडी चालवताना आणखी उतरत असेल, तर सेन्सर खरे सांगत असून थर्मोस्टॅट (कूलंटचा रेडिएटरकडे जाणारा मार्ग उघडणारी-बंद करणारी झडप) उघडा अडकलेला असू शकतो. मात्र कोडवर विसंबून राहू नये. पी०११८ या कोडचा अर्थ ‘सेन्सर खराब’ असा नसून ‘व्होल्टेज अपेक्षेपेक्षा जास्त’ एवढाच आहे, आणि तुटलेल्या वायरमुळेही तो येतो.

सेन्सर की वायर, हा निवाडा मल्टिमीटर करतो. बहुतेक गाड्यांत हा सेन्सर तापमान वाढले की रोध कमी होणारा असतो: २० अंशांना साधारण दोन ते तीन हजार ओहम, तर ८० अंशांच्या पुढे जेमतेम काही शे. नेमका तक्ता त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच पाहावा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर सेन्सर काढून, त्याचे टोक गरम पाण्यात थर्मामीटरसह बुडवून, पाणी निवत जाताना रोध मोजला, तर चूक लपत नाही. कनेक्टर काढून ईसीयूच्या (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाच्या) बाजूने मोजल्यास सुमारे ५ व्होल्ट मिळायला हवेत; ते नसतील तर दोष वायरिंगमध्ये किंवा पुढे ईसीयूत आहे. मर्यादा एकच: फक्त धक्के बसताना प्रकट होणारा दोष टेबलावर दिसत नाही, त्यासाठी स्कॅनर पाहत वायर हलवून बघावी लागते.

दोन्ही साधने हाताशी असतील, तर दोन वायरच्या सेन्सरसाठी आणखी एक परीक्षा करता येते. कनेक्टर काढल्यावर स्कॅनरवर उणे ४० अंशांच्या आसपास आकडा यावा, आणि कनेक्टरची दोन टोके जोडल्यावर तो शंभरच्या बराच वर जावा. दोन्ही घडले तर वायरिंग आणि ईसीयू ठीक, आणि दोष सेन्सरचाच. काही गाड्यांचे ईसीयू बिघाड दिसताच ठरलेला पर्यायी आकडा दाखवतात, म्हणून ही परीक्षा करण्यापूर्वी मॅन्युअल पाहावे.

सेन्सर तडकलेला किंवा गळत असेल, तर थेट बदलणे योग्य. एरवी न मोजता सेन्सर बदलला, तर कनेक्टरच्या पिनांवर चढलेला हिरवा गंज तसाच राहू शकतो, नवा सेन्सरही चुकीचेच सांगतो आणि कूलंट काढण्याचे काम पुन्हा करावे लागते. सेन्सर बदललाच, तर कूलंट भरून प्रणालीतील हवा काढावी, कारण सेन्सरच्या टोकाशी हवेचा फुगा राहिला की चांगला सेन्सरही खोटा आकडा देतो. मग कोड पुसून, दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन सुरू करण्याआधी, तीच हवा-कूलंटची तुलना पुन्हा करावी.