ट्विकेनहॅम, कार्डिफ की एडिनबरा : कुटुंबासह रग्बीचा सामना पाहायला जाताना

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाकडे पुण्या-मुंबईहून आईवडील आले आणि मुक्काम हिवाळ्यापर्यंत लांबला, की कधीतरी सिक्स नेशन्सचा, म्हणजे युरोपातील सहा देशांच्या वार्षिक रग्बी स्पर्धेचा, सामना प्रत्यक्ष पाहण्याचा बेत निघतो. तिकिटे काढण्यापूर्वी घरात जो प्रश्न विचारला जातो, तो खेळाच्या नियमांविषयी क्वचितच असतो. ‘तिथे प्रेक्षक बसल्या जागी बिअर पितात म्हणे, आईला आणि लहान मुलीला घेऊन जाणे योग्य होईल का?’ असा तो प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. माझे उत्तर ‘हो’ असे आहे. परंतु कोणत्या मैदानावर, कोणत्या सामन्याला आणि किती वाजता, यांवर अनुभव इतका बदलतो की या तीन गोष्टी न पाहता तिकीट काढू नये. मी गेली काही वर्षे या मैदानांवर घरच्यांना नेत आलो आहे. त्या आधारावर ही तुलना मांडत आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू, कारण फुटबॉल पाहिलेल्या माणसाला रग्बीच्या मैदानावरील पहिले आश्चर्य तिथूनच वाटते. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1985 च्या कायद्यानुसार मोठ्या फुटबॉल सामन्यांत मैदान दिसेल अशा ठिकाणी मद्य जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. त्यामुळे फुटबॉलचा प्रेक्षक आपला पेला स्टँडच्या आतल्या बोळातच संपवून मग जागेवर येतो. हा कायदा रग्बीला लागू होत नाही. फुटबॉलमध्ये दोन्ही संघांच्या समर्थकांना वेगवेगळ्या विभागांत बसवून मध्ये बंदोबस्त ठेवावा लागतो, तर रग्बीमध्ये इंग्लंडची पांढरी जर्सी आणि वेल्सची लाल जर्सी मांडीला मांडी लावून बसतात, एकमेकांसाठी पेयेही आणतात. ही मोकळीक रग्बीच्या प्रेक्षकांनी स्वतःच्या वर्तनाने मिळवलेली आणि टिकवलेली आहे; म्हणूनच ती गैरवर्तनाने गमावलीही जाऊ शकते, याची जाणीव जुन्या प्रेक्षकांना असते.

स्कॉटलंडमध्ये हा इतिहास थोडा निराळा आहे. 1980 च्या मे महिन्यात ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर सेल्टिक आणि रेंजर्स यांच्या समर्थकांमध्ये दंगल झाली आणि त्यानंतर आलेल्या कायद्याने फुटबॉलबरोबर एडिनबराच्या मरेफील्ड मैदानावरील रग्बीलाही मद्यबंदी लागू केली. दंगल फुटबॉलची आणि शिक्षा रग्बीलाही, असा हा प्रकार 2007 पर्यंत चालला. त्या वर्षी मरेफील्डवरील बंदी उठली.

आता रिवाजांविषयी. कुठेही लिहून न ठेवलेले, पण पाळले जावेत अशी अपेक्षा असलेले तीन संकेत नवख्या प्रेक्षकाने जाणून घ्यावेत. पहिला म्हणजे किक मारणाऱ्या खेळाडूसाठी शांतता. ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण) झाल्यावर कन्व्हर्जनसाठी, म्हणजे जादा गुणांच्या किकसाठी, आता 60 सेकंद मिळतात आणि त्या वेळात, खेळाडू प्रतिस्पर्धी संघाचा असला तरी, गप्प बसावे असा जुना दंडक आहे. तो अजूनही सर्वांत निष्ठेने आयर्लंडमध्ये, लिमरिकच्या थोमंड पार्कवर पाळला जातो. तिथली शांतता इतकी गाढ असते की पाहुण्या संघाच्या खेळाडूला उलट तिचेच दडपण येत असावे. दुसरा संकेत पंचांविषयीचा. निर्णय चुकीचा वाटला तरी पंचाला उद्देशून शिवीगाळ करणे हे रग्बीमध्ये हलकेपणाचे मानले जाते. तिसरा संकेत येण्याजाण्याचा, आणि मद्यपानाचा खरा त्रास नेमका इथेच होतो.

वानखेडेवर आपल्या रांगेतला माणूस षटक चालू असताना उठला, तर मागून कुणीतरी ‘ओव्हर संपू द्या हो’ असे सांगतोच. रग्बीत षटके नसतात. खेळ केव्हा थांबेल हे सांगता येत नाही. 80 मिनिटांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो काळ साधारण निम्म्याहून कमी, म्हणजे एकेक क्षण मोलाचा. मध्यंतर पंधरा मिनिटांचे आणि बारपुढची रांग त्याहून लांब, त्यामुळे लोक खेळ चालू असतानाच उठतात. रांगेच्या मधोमध बसलेला एक जण चार पेल्यांचा ट्रे आणायला निघाला की आठदहा माणसांना उभे राहावे लागते, तो परत आला की पुन्हा उभे राहावे लागते, आणि बिअरचा परिणाम म्हणून थोड्याच वेळात स्वच्छतागृहाची फेरी सुरू होते. सुसंस्कृत प्रेक्षक स्क्रम (दोन्ही संघांच्या खेळाडूंनी एकमेकांत गुंतून चेंडूसाठी केलेली रेटारेटी) नव्याने लावला जात असताना किंवा पंच पडद्यावर निर्णय तपासत असताना उठतो. बेपर्वा माणूस ट्रायच्या रेषेपासून पाच मीटरवर खेळ रंगला असताना उठतो. एका मैदानावर माझ्या वडिलांना पूर्वार्धात सात वेळा उभे राहावे लागले आणि सातव्या वेळी मागच्या रांगेतून अर्धा पेला त्यांच्या स्वेटरवर सांडला. सांडणाऱ्याने मनापासून माफी मागितली, रुमाल दिला, मध्यंतरात चहाही आणून दिला. वडिलांच्या मनात राग राहिला नाही. पण सामन्यातली सर्वांत सुंदर ट्राय मात्र त्यांना दिसली नाही आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

ट्विकेनहॅम, म्हणजे 2024 पासून अधिकृत नावाने अलियान्झ स्टेडियम, हे 82,000 प्रेक्षकांचे मैदान लंडनच्या नैर्ऋत्येकडील निवासी उपनगरात आहे. 1907 मध्ये घेतलेल्या कोबीच्या मळ्याच्या जमिनीवर ते उभारले गेले. या मैदानाची मद्यपानाची संस्कृती सामन्याच्या बरीच आधी सुरू होते. पश्चिमेकडील वाहनतळात मोटारींच्या डिक्या उघडून, टेबले मांडून, घरून आणलेले जेवण आणि वाइन यांसह मित्रमंडळी जमतात. हा पिकनिकचा रिवाज पिढ्यान्पिढ्यांचा आहे आणि तो पाहण्यासारखा आहे. आपणही डब्यात नेलेले थालीपीठ तिथे काढले तर शेजारच्या मोटारीतले लोक कुतूहलाने विचारपूस करतात. सामन्याच्या वेळी बसल्या जागी पिणे सर्रास चालते, पण गर्दीचे सरासरी वय थोडे जास्त असल्यामुळे आरडाओरड बेताची असते. माझी तक्रार दुसरी आहे. किकच्या वेळची शांतता इथे पूर्वीसारखी राहिलेली नाही. पाहुण्या खेळाडूला हुर्यो उडवणारे आवाज आता प्रत्येक सामन्यात ऐकू येतात आणि त्यांना कुणी गप्प करत नाही. सिक्स नेशन्सची चांगल्या जागांची तिकिटे शंभर पौंडांच्या बरीच पुढे जातात. रेल्वे स्थानकापासून सुमारे पंधरा मिनिटे चालावे लागते आणि परतीच्या वेळी त्या वाटेवरील सगळे पब भरलेले असतात, हे ज्येष्ठांच्या बाबतीत लक्षात घ्यावे.

कार्डिफविषयी मी अधिक विस्ताराने लिहितो, कारण सर्वांत उत्कट आनंद आणि सर्वांत जास्त त्रास हे दोन्ही मला तिथेच मिळाले आहेत. प्रिन्सिपॅलिटी स्टेडियम 1999 च्या विश्वचषकासाठी बांधले गेले. सुमारे 74,000 आसने, वर सरकते छत आणि जागा थेट शहराच्या मध्यभागी, टॅफ नदीच्या काठाशी. सामन्याच्या दिवशी आसपासचे रस्ते वाहनांना बंद होतात आणि सकाळपासूनच अख्खे शहर लाल होते. लंडनच्या पॅडिंग्टनहून रेल्वेने दोन तासांच्या आत पोहोचता येते आणि स्थानकापासून मैदान काही मिनिटांच्या अंतरावर आहे. छत बंद असताना सत्तर हजार माणसे वेल्श भाषेतील राष्ट्रगीत एका सुरात म्हणतात, तेव्हा आषाढीला वाखरीच्या माळावर उभे राहिल्यासारखे अंग शहारते. सामूहिक गायनाची सवय असलेल्या मराठी माणसाला ते परके वाटत नाही. गायनाचा हा भाग कोणीही चुकवू नये.

मात्र मैदान शहराच्या मधोमध असण्याची दुसरी बाजूही आहे. पबमधून मैदानात येणे इतके सोपे की अनेक जण पोहोचतात तेव्हाच बरेच प्यालेले असतात. 2021 च्या शरद ऋतूतील सामन्यांत हे टोकाला गेले. 6 नोव्हेंबर रोजी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध वेल्सची चढाई रंगात आली असताना एक प्रेक्षक मैदानात धावत आला आणि ती संधी वाया गेली. वेल्सने तो सामना 18-23 असा गमावला. त्याच मालिकेत शेजारच्या प्रेक्षकांच्या उलट्या, धक्काबुक्की आणि असभ्य भाषा यांविषयी मुलांना घेऊन आलेल्या पालकांनी जाहीर तक्रारी केल्या. त्यानंतर 2022 च्या सिक्स नेशन्ससाठी वेल्श संघटनेने मध्यंतरानंतर बार बंद करणे आणि कमी तीव्रतेची बिअर विकणे असे उपाय जाहीर केले. मद्यमुक्त आसनविभागही तिथे ठेवण्यात आला आहे. असा विभाग ठेवावा लागणे ही काहींना मानहानी वाटते. मला तो शहाणपणा वाटतो, कारण पिणाऱ्याचा हक्क आणि न पिणाऱ्याचे समाधान हे दोन्ही त्यात राखले जातात. कुटुंबासह जाणाऱ्याने तिकीट काढताना या विभागात जागा आहे का, हे पाहावेच. वरच्या मजल्यावरील पायऱ्या उभ्या आहेत, तेव्हा गुडघेदुखी असलेल्यांसाठी खालचा मजला घ्यावा.

एडिनबराचे मरेफील्ड या दोहोंच्या मधले आहे. क्षमता 67,000 हून थोडी अधिक, ट्रामचा थांबा अगदी मैदानापाशी, आणि हेमार्केटच्या स्थानकाहून चालत आले तरी वीसेक मिनिटांचा रस्ता. बॅगपाइपच्या सुरांनी सामना सुरू होतो आणि गर्दीचा पोत मला तिन्हींमध्ये सर्वांत सौम्य वाटला. थंडी मात्र फेब्रुवारीत हाडांपर्यंत जाते. आईसाठी शालीवर शाल न्यावी. इंग्लंडविरुद्धचा सामना इथे सम वर्षांत होतो आणि त्यात जो चषक दिला जातो तो भारतीय वाचकाला जवळचा वाटेल. 1873 मध्ये स्थापन झालेला कलकत्ता फुटबॉल क्लब काही वर्षांतच ओस पडला, तेव्हा सदस्यांनी खात्यातील 270 चांदीचे रुपये वितळवून हा कलकत्ता चषक घडवला. त्याच्या कड्या नागांच्या आकाराच्या असून झाकणावर हत्ती आहे. फुकट बार बंद झाल्यावर क्लबचे सदस्य घटले, असे त्याविषयी सांगितले जाते. मद्याने चषकाचा पाठलाग पुढेही सोडला नाही. 1988 मध्ये सामन्यानंतरच्या रात्री इंग्लंडचा डीन रिचर्ड्‌स आणि स्कॉटलंडचा जॉन जेफ्री यांनी नशेत तो एडिनबराच्या रस्त्यांवर लाथाडला आणि त्याचे मोठे नुकसान केले. जेफ्रीला काही महिन्यांची बंदी झाली, रिचर्ड्‌सला एका सामन्याची. दीडशे वर्षांपूर्वीची ती चांदी आपल्या टांकसाळीच्या रुपयांची होती, हे आठवले की त्या प्रसंगाचा मला संताप येतो.

ज्याचा फारसा विचार होत नाही असा पर्याय म्हणजे महिलांचा आंतरराष्ट्रीय सामना. 27 सप्टेंबर 2025 रोजी महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना ट्विकेनहॅमवरच झाला. इंग्लंडने कॅनडाला 33-13 असे हरवले आणि 81,885 प्रेक्षक उपस्थित होते. मैदान तेच आणि बारही तेच असतात. पण महिलांच्या सामन्यांना मुली, आया, आजीआजोबा आणि शाळांचे गट मोठ्या संख्येने येतात आणि रांगेत उठबस फार कमी होते. बिअर उपलब्ध असणे हा गैरवर्तनाचा एकमेव उगम नाही, हे मला तिथेच पटले. शेजारी कोण बसले आहे याचे भान माणसाचा हात आपोआप आवरते. तिकीटही पुरुषांच्या सामन्याच्या तुलनेत बरेच स्वस्त असते. साधा क्लबचा सामना हवा असेल, तर ट्विकेनहॅमच्या समोरच, रस्त्यापलीकडे, हार्लेक्विन्सचे स्टूप हे आटोपशीर मैदान आहे.

तेव्हा निवड अशी करावी. मूल दहा वर्षांच्या आतले असेल किंवा आईवडील पहिल्यांदाच येत असतील, तर महिलांचा सामना किंवा स्टूपवरील दुपारचा सामना घ्यावा. आईवडिलांना चालणे जमत असेल आणि एकदाच भव्य काही पाहायचे असेल, तर माझा कौल मरेफील्डला आहे. गाण्याची ओढ असणाऱ्यांनी कार्डिफला जावे, पण मद्यमुक्त विभागात आणि दुपारच्या सामन्यालाच. रात्री आठच्या सामन्याला येणाऱ्या गर्दीला पिण्यासाठी अख्खा दिवस मिळालेला असतो. परतीच्या रेल्वेत काही वेळा मद्यबंदी जाहीर केलेली असते, ती गाडी साधता आली तर उत्तम. ट्विकेनहॅमचा पुरुषांचा सामना मित्रांबरोबर पाहावा.

कुठेही गेलात तरी रांगेच्या टोकाची नव्हे, तर टोकापासून चारपाच आसने आतली जागा मागावी. टोकाला बसले की प्रत्येकासाठी उठावे लागते आणि मधोमध बसले की स्वतःला बाहेर पडणे अवघड जाते. शेजाऱ्याचा त्रास खरोखर वाढला, तर त्याच्याशी वाद न घालता कर्मचाऱ्याला सांगावे; मोठ्या मैदानांवर मोबाइलवरून संदेश पाठवण्यासाठी क्रमांक दिलेला असतो, तो आत शिरतानाच टिपून ठेवावा.