जँगोतली टेम्प्लेट्सची सोय: माझ्याकडून पाचपैकी चार

जँगो, म्हणजे पायथॉनमध्ये वेबसाइट बांधायचं फ्रेमवर्क, मी १.८ आवृत्तीच्याही आधीपासून वापरतोय. त्यातली टेम्प्लेट्स म्हणजे पानांचे एचटीएमएल साचे. तेव्हा सेटिंग्जच्या फाइलमध्ये ‘टेम्प्लेट डिर्स’ असायचं आणि टेम्प्लेट्सच्या फोल्डरचा पूर्ण पाथ लिहायला लागायचा. मी माझ्या लॅपटॉपवरचा पाथ लिहून तसाच सर्व्हरवर चढवला होता. पुढे काय झालं ते सांगायला नको.

२०१५ मध्ये १.८ आलं आणि सगळं ‘टेम्प्लेट्स’ नावाच्या एकाच सेटिंगमध्ये गेलं. ३.१ पासून ‘बेस डिर’ला (प्रोजेक्टच्या मूळ फोल्डरला) पाथलिबची, म्हणजे पाथ जोडणाऱ्या पायथॉनच्या लायब्ररीची, साथ मिळाली, त्यामुळे बेस डिर, मग तिरकी रेघ, मग फोल्डरचं नाव एवढ्यावर भागतं. इथपर्यंत तक्रार नाही.

एक गुण कापला तो शोधायच्या क्रमासाठी. आधी त्या सेटिंगमधल्या ‘डिर्स’ या यादीतली फोल्डर्स बघितली जातात. ‘ॲप डिर्स’ ट्रू (चालू) असेल तर त्यानंतर प्रत्येक ॲपचं, म्हणजे प्रोजेक्टच्या प्रत्येक भागाचं, टेम्प्लेट्स फोल्डर, तेही सेटिंग्जमधल्या ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ या यादीच्या क्रमाने. पहिली सापडली ती फाइल खरी, पुढचं कुणी बघत नाही. माझ्या दोन ॲप्समध्ये डिटेल.एचटीएमएल होतं. बिलाचं पान उघडलं की ग्राहकाचं पान यायचं, तेही रिकामं, कारण न सापडलेल्या व्हेरिएबलच्या जागी जँगो गुपचूप काहीच छापत नाही. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. अर्धा दिवस मी डेटाबेसच्या क्वेरीलाच शिव्या देत बसलो. तेव्हापासून टेम्प्लेट्सच्या आत ॲपच्या नावाचं आणखी एक फोल्डर करतोच. दिसायला बावळट दिसतं, पण झोप लागते.

पासवर्ड रीसेटच्या पानाचीही तीच गत. ॲपमध्ये स्वतःचं पान ठेवलं तरी ॲडमिनचंच (जँगोसोबत येणाऱ्या व्यवस्थापनाच्या ॲपचं) निळं पान समोर, कारण ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’च्या यादीत ॲडमिन माझ्या ॲपच्या वर होता. ॲडमिनकडे त्याच नावाची फाइल असते हे तेव्हा कळलं. फाइल उचलून ‘डिर्स’मधल्या फोल्डरमध्ये टाकली आणि विषय मिटला.

मग चार गुण कशाचे? फाइल सापडलीच नाही तर डीबग (चुका तपशिलात दाखवणारं सेटिंग) चालू असताना येणाऱ्या पिवळ्या पानाचे. कुठे कुठे शोधलं ते प्रत्येक पाथसकट, त्याच क्रमाने लिहिलेलं असतं. परवाच त्या यादीत ‘टेम्प्लेट्स’ बघितलं आणि माझ्या फोल्डरचं नाव निघालं ‘टेम्प्लेट’. शेवटचा एस मीच खाल्ला होता.