क्लॅम घेताना आधी त्याचा तळ बघा

रीफ टँकसाठी, म्हणजे कोरल ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी, जायंट क्लॅम (मोठ्या जातीचा शिंपला) ऑनलाइन मागवणार असाल, तर पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याकडून त्याच्या तळाचा फोटो मागून घ्या. वरून मॅन्टलचे, म्हणजे कवचाबाहेर पसरणाऱ्या रंगीत मांसल पडद्याचे, फोटो सगळेच पाठवतात आणि निळ्या लाइटखाली मरणपंथाला लागलेला क्लॅमही देखणा दिसतो.

मी न्यू जर्सीत राहतो. ‘पलाऊच्या फार्मवर वाढवलेला डेरासा’ म्हणून एकाने माझ्याकडून १८० डॉलर घेतले. पलाऊ हा पॅसिफिकमधला बेटांचा देश, आणि डेरासा ही जायंट क्लॅमची एक जात. आलेला क्लॅम उलटा केला आणि संशय आला. डेरासाचं कवच बरंचसं गुळगुळीत असतं, तळाची फटही लहान. याच्या कवचावर बारीक खवल्यांच्या ओळी, आकार एका बाजूला लांबट आणि खाली मोठी फट. हा सरळसरळ मॅक्सिमा, म्हणजे दुसऱ्याच जातीचा क्लॅम होता. कवचावर स्पंज आणि गुलाबी शेवाळाचा जाड थर होता. खडकावरून उचकटून आणलेला प्राणी फार्मचा म्हणून खपवला होता, याबद्दल मला शंका उरली नाही.

त्या फटीतून फाटक्या मांसाचा पांढरट तुकडा लोंबत होता. मॅक्सिमा पायातून निघणाऱ्या चिवट धाग्यांनी खडकाला धरून बसतो. धागे खडकालगत हळूच कापले तर तो पुन्हा नवे काढतो. हिसका देऊन ओढला तर धाग्यांबरोबर आतली ग्रंथीही फाटते, आणि मग तो सहसा जगत नाही.

फोटो पाठवल्यावर उत्तर आलं, “तुमचं पाणी बिघडलंय.” त्याच टँकमध्ये माझा आधीचा डेरासा आहे. पाण्याची क्षारता ८.५ डीकेएच, कॅल्शियम ४३० पीपीएम, म्हणजे दोन्ही ठीक, आणि त्या डेरासाच्या कवचाच्या कडेला नव्या वाढीची पांढरीशुभ्र रेघ. पाणी वाईट असतं तर आधी ती वाढ थांबली असती. मग म्हणे क्लॅम उपाशी आहे, फायटोप्लँक्टनच्या (पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींच्या खाद्याच्या) बाटल्या घ्या. भरपूर उजेड असेल तर क्लॅमचं बरंचसं पोषण मॅन्टलमधल्या शैवालातूनच होतं, आणि फाटलेला पाय काही खाद्याने सांधत नाही. शेवटी त्याने एक औषध सुचवलं. लेबल वाचलं तर त्यात तांबं! ते टँकमध्ये ओतलं असतं तर दुसरा क्लॅमही गेला असता, कोरलही. याचा मला अजून संताप येतो.

तोवर नव्या क्लॅमचा मॅन्टल आत ओढला गेला होता, पाणी आत घेण्याचं तोंड सताड उघडं होतं आणि वरून हाताची सावली पडली तरी कवच मिटत नव्हतं. तो मेल्यावर विक्रेत्याने हमीकडे बोट दाखवलं: पोचला तेव्हा जिवंत होता ना, मग पैसे परत नाहीत. कार्डाने पैसे दिले होते आणि पार्सल उघडतानाचे फोटो होते, म्हणून बँकेकडे तक्रार करून ते मिळाले. थेट खात्यावर पाठवले असते तर बुडालेच असते.

फार्मचा माल म्हणत असतील तर आयातीची कागदपत्रंही मागा. जायंट क्लॅमच्या सगळ्या जाती साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत. परवान्याशिवाय ते देशाबाहेर जाऊ शकत नाहीत. आणि मुंबई-पुण्यात कुणी मॅक्सिमा किंवा स्क्वामोसा (जायंट क्लॅमची आणखी एक जात) दाखवला, तर भाव विचारायलाही थांबू नका. भारतात या दोन्ही जातींना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. तिथे विकणाऱ्याबरोबर घेणाराही अडकतो.