डेव्हन की कॉर्नवॉल? कायमचं राहायचं असेल तर

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला नोकरी लागली आणि घर डेव्हन आणि कॉर्नवॉल या दोन परगण्यांच्या हद्दीवरच्या टेमर नदीच्या अलीकडे बघावं की पलीकडे, यावर घरात खल चाललाय, अशांसाठी हे लिहितोय. मी दोन वर्षं कॉर्नवॉलमध्ये काढली, आता डेव्हनमध्ये एक्सेटरजवळ राहतो. समुद्र आणि पाऊस दोन्हीकडे सारखेच, ते सोडून देऊ.

खाण्यात माझं मत कॉर्नवॉलला. तिथली पेस्टी म्हणजे करंजीची थोरली बहीण, कडेला तशीच मुरड. 2011 पासून ‘कॉर्निश पेस्टी’ हे नाव तिथेच बनलेल्या पेस्टीला लावता येतं. आत गोमांस असतं. न खाणाऱ्यांना चीज-कांद्याची मिळते. चहाबरोबरच्या स्कोनवर (छोट्या गोडसर पावावर) आधी साय (डेव्हन) की आधी जॅम (कॉर्नवॉल), हा वाद मात्र पाहुण्याने तोंड न उघडता ऐकावा.

कॉर्नवॉल कथील-तांब्याच्या खाणींवर वाढलं. तिथले खाणकामगार आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत आले होते. साउथ क्रॉफ्टी ही शेवटची कथिलाची खाण 1998 मध्ये बंद पडली. सेंट ऑस्टेलजवळ चिनी मातीचे पांढरे ढीग अजून दिसतात, पण आता बरीचशी कमाई पर्यटकांवर, म्हणजे हंगामी. डेव्हनकडे प्लिमथची नौदलाची गोदी आहे, एक्सेटरला विद्यापीठ आणि हवामान खात्याचं मुख्यालय. पगार बारमाही.

तरी मी हललो तो पगारासाठी नाही. आमच्या गल्लीत अकरा घरं. नोव्हेंबरात दिवे तीन घरांत. बाकीच्यांच्या दाराशेजारी आकडे जुळवून उघडायची किल्लीची डबी, मालक लांब कुठल्या तरी शहरात. एकदा वादळात वीज गेली, मेणबत्ती मागायला चार दारं वाजवली. चारही बंद. कोकणातली बंद घरं निदान गणपतीला उघडतात आणि माणसं आपली असतात. इथली उघडायची ती जुलैत, परक्यांसाठी.

डेव्हनमध्ये असं नाहीच, असं म्हणणार नाही. साल्कमला हिवाळ्यात जाऊन बघा. आणि कॉर्नवॉलमध्येही ट्रुरोसारख्या गावात राहिलात तर कदाचित तुमचा अनुभव वेगळा असेल. पण माझ्या आताच्या गल्लीत जानेवारीतही कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून कांदा परतल्याचा वास येतो.

पेस्टीसाठी अधूनमधून पूल ओलांडतो. कॉर्नवॉलमध्ये शिरताना टोल नाही, बाहेर पडताना आहे.