एज ऑफ एम्पायर्स २, डेफिनिटिव्ह एडिशन : आठ महिने खेळल्यानंतर

गाव वसवायचं, सैन्य उभं करायचं आणि समोरच्याला हरवायचं, असा हा संगणकावरचा गेम. आठ महिन्यांपूर्वी तो पुन्हा सुरू केला तेव्हा वाटलं होतं, आपल्याला हा येतोच. १९९९ ची मूळ आवृत्ती आणि पुढच्या वर्षीचा ‘द कॉन्करर्स’ हा विस्तार शाळेत असताना भरपूर खेळलो होतो. चहूबाजूंनी तट घालायचा, निवांत सोनं-दगड साठवायचे आणि मग चाळीस घोडेस्वार घेऊन बाहेर पडायचं, ही माझी पद्धत. २०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये, म्हणजे नव्या सुधारित आवृत्तीत, पहिला रेटेड (क्रमवारीसाठीचा ऑनलाइन) सामना खेळलो आणि तट अर्धा व्हायच्या आत समोरच्याचे तीन स्काउट (हलके घोडेस्वार) माझ्या लाकूडतोड्यांमध्ये घुसले. पुढचे दहा सामनेही असेच गेले.

मग रेकॉर्डिंग बघायला लागलो. इथे प्रत्येक सामना साठवला जातो आणि समोरच्याच्या बाजूनेही पाहता येतो. तेव्हा कळलं की मी लढाईत हरतच नव्हतो, त्याच्या बऱ्याच आधी हरलेला असायचो. एक व्हिलेजर (काम करणारा गावकरी) तयार व्हायला ५० अन्न आणि २५ सेकंद लागतात. सुरुवातीची पंधरा मिनिटं टाउन सेंटरने (व्हिलेजर तयार करणाऱ्या मुख्य इमारतीने) एक सोडला की दुसरा, असं अखंड चालू राहायला हवं. माझं टाउन सेंटर मधेमधे मिळून दोन मिनिटं रिकामं बसलेलं असायचं. म्हणजे जवळजवळ पाच व्हिलेजर कमी, आणि त्या पाचांनी तोडलं असतं ते लाकूड, त्यातून झाली असती ती शेतं, हे सगळंच कमी. तीन स्काउट हा फक्त त्याचा परिणाम होता.

हे एकदा डोक्यात बसलं आणि गेमच बदलला. रानडुक्कर ओढून आणणं हे पूर्वी मला धोक्याचं काम वाटायचं, आता तो माझा सगळ्यात आवडता क्षण आहे. एका डुकरात ३४० अन्न असतं, मेंढीत १००. व्हिलेजरने बाण मारायचा, डुक्कर मागे लागलं की टाउन सेंटरकडे पळायचं आणि बाकीचे मेंढीवरून वेळेत डुकरावर वळवायचे. त्याच वेळी घर बांधून झालेलं असलं पाहिजे, नाहीतर लोकसंख्या अडते आणि पुन्हा ते २५ सेकंद वाया. हे सगळं जमलेला सामना हरलो तरी मला समाधान देतो.

शिकण्यासाठी ‘आर्ट ऑफ वॉर’ नावाचे सराव आहेत, ते आधी करा. कॅम्पेनच्याही (कथेवर बेतलेल्या मोहिमांच्याही) आधी. संगणकाच्या बाजूने खेळणाराही आता प्रामाणिक आहे. मूळ गेममध्ये सगळ्यात अवघड पातळीवर त्याला फुकटचा माल मिळायचा. इथे तो तुमच्याइतक्याच साधनांत हरवतो, म्हणून त्याच्याकडून शिकता येतं. शेतं आपोआप पुन्हा पेरली जातात, ही सोय किती मोठी आहे ते जुन्या खेळाडूंना सांगायला नको.

२०२२ च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ या विस्ताराबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माझे निम्मे सामने त्यातलेच आहेत. आधी ‘इंडियन्स’ अशी एकच सिव्ह (सिव्हिलायझेशन, म्हणजे खेळायला निवडायची संस्कृती) होती. एवढ्या मोठ्या भूभागाला एकच नाव देऊन मोकळं होणं मला नेहमी खटकायचं. या विस्तारात तिचं हिंदुस्तानी झालं आणि बंगाली, द्रविड, गुर्जर या तीन नव्या आल्या. नुसती नावं वाढली असती तर मी हे लिहिलंच नसतं. गुर्जरांना गिरणीत मेंढ्या कोंडून ठेवता येतात आणि त्यातून हळूहळू अन्न मिळत राहतं, त्यामुळे मेंढी दिसली की कापायची ही वीस वर्षांची सवय मोडावी लागते. द्रविडांकडे नाइट (जड घोडेस्वार) नाहीतच. त्यांचं घोडदळ दुबळं, पायदळ आणि आरमार मात्र जबरदस्त. दर नव्या युगात २०० लाकूड वर मिळतं, ते गोदीत घालायचं. उरुमी (लवचिक तलवार) घेतलेले सैनिक घोळक्यात शिरले की एका झटक्यात आजूबाजूच्या सगळ्यांना इजा करतात. राजेंद्र चोळाचं कॅम्पेन याच सिव्हवर आहे आणि सुमात्रातल्या श्रीविजय राज्याविरुद्धच्या सागरी मोहिमेपर्यंत ते खेळताना अंगावर काटा आला. त्यांचे व्हिलेजर तमिळ बोलतात. काम सांगितलं की येणारी ती छोटी उत्तरं ऐकायला मी अनेकदा उगाच क्लिक करतो. मराठ्यांची सिव्ह का नाही असं मलाही वाटलं, पण गेमचा काळ साधारण सोळाव्या शतकाशी थांबतो, त्यामुळे ते पटतं.

न पटणाऱ्या गोष्टीही आहेत. मोठं सैन्य अरुंद दारातून नेताना घोडे एकमेकांत अडकतात, आणि नेमक्या त्या क्षणी समोरचा मँगोनेल (दगड फेकणारं यंत्र) आणतो. सिव्ह आता इतक्या झाल्या आहेत की कोणाचा खास सैनिक कशाने मरतो हे लक्षात ठेवणं नवख्याला जड जातं. २०२५ च्या विस्तारात तिसऱ्या शतकातली तीन चिनी राज्यं मध्ययुगातल्यांच्या शेजारी आणून बसवली, हे मला अजून रुचलेलं नाही. या मालिकेची ओढ मला इतिहासामुळे आहे, म्हणून हे जास्त लागतं.

तिसरा भाग (२००५) आणि चौथा (२०२१) दोन्ही खेळून पाहिले. चौथ्याच्या कॅम्पेनमधल्या माहितीपटासारख्या फिती सुंदर आहेत, पण मी परत दुसऱ्या भागाकडेच येतो. त्याचं कारण शेवटचा टप्पा. नकाशावरचं सोनं संपतं, बाजारातले भाव कोसळतात आणि दोघांकडे फक्त भालेवाले, स्कर्मिशर (भाले फेकणारे) आणि हुसार (हलके घोडेस्वार) उरतात, ज्यांना सोनं लागत नाही. गेल्या आठवड्यात असाच एक सामना बराच लांबला. प्रत्येक चकमकीत मी बरोबरीला होतो, तरी समोरच्याचे पॅलाडिन (सोनं लागणारे जड घोडेस्वार) काही थांबेनात. रेकॉर्डिंगमध्ये कारण सापडलं. कॅसल एजमध्येच (तिसऱ्या युगातच) त्याने तीन रेलिक (नकाशावरचे पवित्र अवशेष) उचलून मॉनेस्ट्रीत (मठात) ठेवले होते, आणि तिथे ठेवलेले रेलिक सोनं देत राहतात. तिन्ही मिळून मिनिटाला ९० सोनं, आणि एका पॅलाडिनला ७५ लागतं. मी तेव्हा चौथा तबेला बांधत होतो. आता कॅसल एज लागलं की पहिलं १७५ लाकूड मॉनेस्ट्रीला.