कॉर्न स्नेकचं पिल्लू सारखं लपतंय: छोटा डबा बरा की मोठी पेटी?

अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं कॉर्न स्नेकचं (घरी पाळल्या जाणाऱ्या एका बिनविषारी सापाचं) पिल्लू जेमतेम 5 ते 8 ग्रॅमचं असतं, लांबी 25-30 सेंमी. अमेरिकेच्या आग्नेय भागातली पाइनची जंगलं, पडकी गोदामं आणि शेतांचे बांध हे त्याचं मूळ घर. तिथे पक्ष्यांपासून किंगस्नेकपर्यंत (हा साप खाणारा साप) सगळेच त्याच्यावर टपलेले असतात. त्यामुळे दिवस सुटलेल्या सालीखाली किंवा उंदराच्या बिळात काढायचा आणि अंधार पडला की बाहेर यायचं, हाच त्याचा शिरस्ता. घरी आणलेलं पिल्लू दिवसभर दिसलं नाही तर त्यात बिघडलेलं काही नाही. उलट चार दिवसांचं पिल्लू भर दुपारी काचेवर नाक घासत फिरत असेल, तर काळजी करा.

ठरवायचं आहे ते घराचं. पिल्लाला सुरुवातीचे काही महिने झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवावं, की पहिल्या दिवसापासून मोठ्या पेटीत सोडावं? दोन्ही बाजूंचे लोक हिरिरीने भांडतात. आमच्या मते त्या भांडणात आकाराचा मुद्दा उगाच मोठा केला जातो. पिल्लू घाबरतं ते उघड्या जागेला, लांबी-रुंदीला नव्हे.

डबा

साधारण 40 बाय 25 सेंमी, 15 सेंमी उंच, म्हणजे 15 लिटरच्या आसपासचा, दोन्ही बाजूंनी कडी लागणारा डबा घ्या. हवेसाठी भोकं 3-4 मिमीची, दोन समोरासमोरच्या भिंतींवर पाडा. भोकं बाहेरून आत पाडली तर आतल्या कडा खरखरीत राहतात आणि पिल्लाचं नाक सोलवटतं, म्हणून आतून बाहेर पाडा. हीट मॅट (विजेवर तापणारी चपटी चटई) तळाच्या एक तृतीयांश भागाखालीच ठेवा आणि ती थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आपोआप आटोक्यात ठेवणाऱ्या यंत्राशिवाय, कधीही लावू नका. गरम टोकाला 28-30 अंश, थंड टोकाला 21-24 अंश सेल्सिअस हवं.

डब्याची खरी ताकद अशी की पिल्लाला आडोसा शोधावा लागत नाही, भिंती जवळच असतात. खाणं कळतं, विष्ठा दिसते, कात सापडते. नवख्या माणसाला ही माहिती फार मोलाची.

दुबळी बाजू उष्णतेची. एवढ्या छोट्या जागेत गरम आणि थंड टोकातला फरक टिकवणं अवघड. खोली तापली की अख्खा डबा तापतो आणि पिल्लाला पळायला जागा उरत नाही. दिव्याची सोय जवळजवळ अशक्य. आणि वर्षभरात पिल्लू 60 सेंमीच्या घरात पोचलं की त्याला डब्यात सरळ होता येत नाही. तिथून पुढे डब्यात ठेवणं ही केवळ माणसाची सोय.

पेटी

इथे 75 बाय 30 बाय 30 सेंमीपासून थेट प्रौढ सापाच्या 120 बाय 60 बाय 60 सेंमीपर्यंत काहीही चालतं, अट एकच: आत गर्दी हवी. दुकानातून आणलेली पेटी, त्यात एक नारळाची करवंटी, एक पाण्याचं भांडं आणि मध्ये मोकळं मैदान, अशा मांडणीत पिल्लू खाणं सोडतं आणि दोष पेटीच्या आकाराला दिला जातो.

न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 1999 मध्ये कॉर्न स्नेकच्या पिल्लांवर प्रयोग केला होता. उघड्या रिंगणातल्या अनेक भोकांपैकी एकच भोक आडोशाकडे नेत होतं. पिल्लं सरावाने त्या भोकाकडे जायला शिकली. खाऊचं बक्षीस नव्हतं, लपायला मिळणं हेच बक्षीस. आडोसा म्हणजे पेटीची सजावट असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

म्हणून तळाला ॲस्पेनच्या लाकडाचा भुसा 5-8 सेंमी जाड पसरा, पिल्लू त्यात स्वतः बोगदे करतं. देवदार किंवा पाइनचा भुसा नको, त्यातली वासाची तेलं श्वसनाला बाधतात. ॲस्पेन ओला झाला की बुरशी धरतो, तेव्हा पाणी सांडलं तर तेवढा भाग लगेच काढा. वर बुचाच्या झाडाची साल, प्लॅस्टिकची पानं, टिश्यूच्या रिकाम्या नळ्या. काचेची पेटी असेल तर तीन बाजू बाहेरून गडद कागदाने झाका. तपासायचं एवढंच: पिल्लाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उघड्यावर न येता जाता येतं का?

पेटीचा सर्वांत मोठा धोका पळून जाण्याचा. पिल्लाचं डोकं पेन्सिलीच्या जाडीचंही नसतं. सरकत्या काचांच्या पेटीत दोन काचा एकमेकींवरून जातात तिथली फट आणि मागच्या तारांची भोकं, या दोन जागा आधी बुजवा. दुसरा धोका जाड भुश्याखालच्या हीट मॅटचा. वरचा थर्मामीटर 26 दाखवतो, तळाची काच 38 वर गेलेली असते, आणि पिल्लू खणत नेमकं तिथेच जातं. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) मॅटच्या वर, तळाला टेकलेला हवा. मोठ्या पेटीत वरून उष्णता देणं अधिक बरं, मात्र बल्बला जाळी आणि थर्मोस्टॅट दोन्ही हवेत.

लपण्याची जागा कशी वाचायची

डबा असो वा पेटी, निदान दोन लपणजागा ठेवा, एक गरम टोकाला आणि एक थंड, दोन्ही अगदी सारख्या. वेटोळं घातलं की अंग भिंतींना टेकेल इतक्या अरुंद. सारख्याच का? कारण पिल्लू उबेपेक्षा सुरक्षिततेला आधी निवडतं. एक लपण घट्ट आणि दुसरं ढगळ असेल तर ते घट्ट जागी गारठत बसेल आणि अन्न पचणार नाही. दोन्ही सारखी असली की त्याची निवड तापमानाबद्दल बोलू लागते. आठवडाभर गरम टोकालाच बसलं तर पेटी थंड आहे, कायम थंड टोकाला दिसलं तर गरम टोक जास्त तापलंय. सतत पाण्याच्या भांड्यात पडून राहिलं तर उष्णता किंवा गोचिडीसारखे माइट्स. डोळे निळसर-दुधी झाले असतील तर कात टाकायची वेळ आली आहे, त्या आठवड्यात ते नेहमीपेक्षा जास्त लपतं. ओल्या स्फॅग्नम मॉसचा (ओल धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा) एक छोटा डबा आत ठेवा आणि हात लावू नका.

श्वासाचा घरघर आवाज, तोंडाशी बुडबुडे, उघडं तोंड, किंवा वजनात दहा टक्क्यांची घट हा लाजाळूपणा नव्हे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्याकडे जा. त्यासाठी दर आठवड्याला वजन करा, 0.1 ग्रॅमपर्यंत अचूक काटा हवा, 5-8 ग्रॅमच्या पिल्लातली दहा टक्क्यांची घट 1 ग्रॅमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर दिसत नाही.

हाताळणी आणि खाणं

इथे पेटी जिंकते, आणि हा मुद्दा फारसा कोणी मोजत नाही. डब्याचं झाकण उघडलं की हात वरून येतो, पिल्लाला तो पक्षीच वाटतो. शेपूट थरथरवणं, मान इंग्रजी एससारखी वळवणं, दुर्गंधी सोडणं हे सगळं त्यातून येतं. पुढून उघडणाऱ्या पेटीत हात बाजूने, खालून जातो. डबाच असेल तर आधी लपण उचला, क्षणभर थांबा, मग पिल्लाला मध्यातून बाजूने उचला.

घरी आणल्यावर पहिला आठवडा अजिबात हात नको. दोनतीन वेळा नीट खाल्लं की पाच-पाच मिनिटं, एक-दोन दिवसाआड. खाल्ल्यानंतर 48 तास सोडून द्या, नाहीतर उलटी होते. उलटी झाली तर 10-14 दिवस काही न देता पुढचा घास लहान द्या. अन्न म्हणजे वितळवून कोमट केलेली उंदराची गुलाबी पिल्लं, एक एक, दर 5-7 दिवसांनी, सापाच्या जाडीच्या दीडपटीहून जाड नको. संध्याकाळी लपणाच्या तोंडाशी ठेवून दिवा मालवा. खाण्यासाठी वेगळ्या डब्यात हलवणं लाजाळू पिल्लाच्या बाबतीत टाळाच.

मग घ्यायचं काय?

पिल्लू 15 ग्रॅमच्या आत असेल, विकणाऱ्याकडे सलग चार-पाच वेळा खाल्ल्याची नोंद नसेल, किंवा तुमचा हा पहिलाच साप असेल, तर डबा. नियमित खाणारं पिल्लू, तापमान मोजण्याची सवय आणि फटी बुजवण्याचा चिकाटीपणा असेल तर सरळ पेटी. मुलांना साप बघायला हवा म्हणून डबा नको असेल, तर पेटीही उपयोगाची नाही, दिवसा दोन्हीकडे भुसाच दिसेल. अशा घरात वर्षभराचा, खाण्यात रुळलेला साप घेणं शहाणपणाचं.

एक आडवा मुद्दा कायद्याचा. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात कॉर्न स्नेक स्थानिक असल्यामुळे पाळता येत नाही, हवाई राज्यात तर कुठलाच साप पाळता येत नाही. आणि महाराष्ट्रातल्या कुणी याऐवजी धामणीचं पिल्लू ठेवू म्हटलं, तर तो 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

डब्यातून पेटीत नेताना कात टाकण्याचा आठवडा टाळा. जुनी दोन्ही लपणं आणि मूठभर वापरलेला भुसा बरोबर न्या, म्हणजे ओळखीचा वास राहतो. नवी पेटी त्याआधी निदान दोन दिवस रिकामी चालवून दोन्ही टोकांचं तापमान दिवसा आणि रात्री तपासा, आणि हलवल्यावर पहिला घास पाच-सात दिवसांनीच द्या.